टोपी काढायची नाही!

हळद निघायच्या दिवसांत आमच्या कुरुंद्यात कुठंही हात लावा, बोटं पिवळी होतात. शाळेच्या नाटकाचंही तसंच आहे. जरा कुठं हात लावायला गेलं, की किस्सा चिकटलाच म्हणून समजा! मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. यंदा गॅदरिंगसाठी हौसेनं स्वतःच एक संगीत नाटक लिहिलं, आणि तेव्हापासून माझ्या बोटांचा रंग काही जाता जात नाही.

नाटकाची गोष्ट साधी. मुलीनं आपल्या पसंतीनं नवरा निवडला म्हणून साठीचा बाप तिच्याशी अबोला धरतो. लग्न लागतं, तरी बोलत नाही. पाठवणीच्या वेळी मात्र त्याला रडू फुटतं आणि तो गात गात तिला निरोप देतो. बाप, व्याही, घरात राहिलेली आत्या, सगळी पिकल्या केसांची माणसं! लिहिताना फार मजा आली. मग लक्षात आलं, माझे नट नववी-दहावीचे आहेत. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे बीजगणित!

*

बापाच्या भूमिकेसाठी आधी दहावीतल्या ओंकारला उभं केलं. अंगानं थोराड, पण आवाज नुकता फुटायला लागलेला. भजनी मंडळातले गंगारामकाका पेटीवर. ओंकारनं पद सुरू केलं ते सासऱ्याच्या आवाजात आणि संपवलं सासूच्या!

काकांनी भाता थांबवला. "मॅडम, पट्टी कोन्ती धरू? याच्या गळ्यात दोघं जन राहून राहिले!"

बाकीच्या पोरांची तीच गत. शेवटी नववीतली राधा उठली. सडपातळ, कमी बोलणारी, कंबरेपर्यंत वेणी. म्हणाली, "मॅडम, बाप मी करू का?"

तिनं गायलं आणि वर्ग चिडीचूप झाला. खर्जातला, स्थिर, भरीव आवाज. मी तर टाळ्याच वाजवायला लागले!

हेडमास्तर मात्र अडले. "मुलगी आणि बाप?"

"सर, पूर्वी पुरुष नायिका व्हायचे. तेव्हा कुणी काही म्हणालं का?"

"पूर्वी मी हेडमास्तर नव्हतो!"

पण तालमीला बसले, राधाचं गाणं ऐकलं आणि पुढं स्वतःच तिच्यासाठी खडीसाखर आणायला लागले.

*

आता पंधरा वर्षांच्या लेकरांना म्हातारपण शिकवायचं कसं? मी एक नियम केला. ज्याची जी भूमिका, त्यानं तसा माणूस गावात शोधायचा. तो बसतो कसा, खोकतो कसा, चिडतो कसा, सगळं पाहायचं आणि तालमीत आणायचं. पोरं पेटली! गावातल्या म्हाताऱ्यांना पानाची चंचीसुद्धा मोकळेपणानं उघडता येईना.

ओंकारला व्याही दिला होता. आठवडाभरानं त्यानं असा व्याही उभा केला की बस! चष्मा कपाळावर सारून तोच चष्मा खिशात शोधायचा, पोटावरून हात फिरवायचा, टेबलावर थाप मारून "विषय संपला!" म्हणायचं आणि तोच विषय पुन्हा सुरू करायचा. सगळी पोरं खाली माना घालून हसू दाबत होती. कारण हे ध्यान समोरच खुर्चीत बसलं होतं. हेडमास्तर! मी हजेरीपट उघडून त्यात तोंड घातलं.

हेडमास्तर हसून हसून लाल झाले. कपाळावरचा चष्मा खिशात शोधत म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! अगदी हुबेहूब आमचे साडू!"

*

आत्याची भूमिका पूजाकडं होती. आत्या म्हणजे तोंडाळ, सगळ्यांत खोट काढणारी. पूजानं गल्लीतल्या एका आजीबाईंना नजरेखाली ठेवलं आणि भूमिका इतकी अंगात भिनली की ती घरीही उतरेना.

एक दिवस पूजाची आई शाळेत हजर. डोळ्यांत पाणी यायचं बाकी.

"मॅडम, तुमचं नाटक कदी हाय?"

"पंधरा दिवसांनी. का हो?"

"लवकर करा की! भाजीत मीठ कमी पडलं तर म्हनते, आमच्या काळात असं नव्हतं. सकाळी उठाया उशीर झाला तर दारात उभी राहून खोकते. तीन वर्सांखाली सासूबाई गेल्या तवा मी म्हनलं, सुटले बाई. आन् आता पोटच्या पोरीच्या रूपानं पुन्हा येऊन बसल्या!"

मी पूजाला बोलावून समज दिली. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सुनेनं शाळेत जाऊन गाऱ्हानं केलं म्हना की!"

*

राधानं मात्र गाव धुंडाळलं नाही. घरचाच माणूस उचलला. तिचे वडील, विठ्ठलराव. पाऊणएकराची हळद, पांढरी टोपी, भरघोस मिशा आणि दिवसाला मोजके शब्द. बोलण्याआधी घसा खाकरायचा, बोलून झालं की टोपी दाबून बसवायची. राधानं तेवढंच उचललं आणि बाप उभा राहिला.

एकदा तालमीनंतर तिच्या मिशा निघेनात. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी कसला डिंक लावला होता, देव जाणे! पोरगी तशीच घरी गेली. मला रात्रभर घोर. बाप काय म्हणेल? नाटकातून नाव काढलं तर?

सकाळी राधाला गाठलं. "काय म्हणाले गं बाबा?"

"काई न्हाई. हळद शिजवून राहिले होते. माझ्याकडं पाह्यलं आन् म्हनले, डावी बाजू खाली आली."

"बस?"

"मंग सोताच्या हातानं सरळ केली."

*

राधाच्या त्या लांब वेणीची घडी करून आम्ही टोपीखाली कोंबायचो. एका तालमीत ऐन रागाच्या प्रवेशात तिनं मान झटकली, "मी या घरचा कर्ता पुरुष आहे!" टोपी उडाली आणि कर्त्या पुरुषाची वेणी सळसळत कंबरेपर्यंत खाली! गंगारामकाका पेटीवर पालथे पडले. पुढचा अर्धा तास तालीम नाही, नुसता हशा.

प्रयोगात असं झालं तर नाटकाचा तमाशा व्हायचा. मी दम भरला, "राधा, आभाळ कोसळलं तरी चालेल. टोपी काढायची नाही!"

"न्हाई काढनार, मॅडम."

सगळं जमत होतं. फक्त शेवटचं रडणं जमेना. पाठवणीच्या पदात बापाला रडू फुटतं, तिथं राधा खांबासारखी उभी. मी म्हणाले, "अगं, रुमाल तोंडाला लाव."

"बाबा रुमाल ठेवत न्हाईत."

"बरं, मग ते रडताना काय करतात?"

ती टोपीची घडी घालायला लागली. "म्या त्यायला रडताना पाह्यलंच न्हाई, मॅडम." मग हळूच म्हणाली, "माझी उषाताई शिरड शहापूरला दिली... दिली न्हाई, तिची ती गेली. तिच्या पसंतीनं. बाबा तिचं नाव घेत न्हाईत. तिला लेकरू झालं तरी गेले न्हाईत. म्या ताईला नाटकाला बोलावून राहिले. बाबाबी येनार हायत."

नाटक लिहिताना मला यातलं अक्षर माहीत नव्हतं, शपथ! मी तिला बाजूला घेतलं. "अगं, गॅदरिंगच्या मांडवातच दोघांचं काही वाजलं तर?"

"वाजू द्या. म्या गाईन, ते आयकतील. घरी तर मला कोनी बोलू देत न्हाई."

*

प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या पटांगणातल्या मांडवात सगळं गाव लोटलं! लग्नाचा प्रवेश रंगावा म्हणून मी दारातच प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवायला सांगितलं होतं. चुकलंच ते. आमच्याकडं अक्षता हातात पडल्या की माणूस आहेराचं बघतो! मंगलाष्टकं सुरू झाली तशी अख्ख्या मांडवातली माणसं उठून उभी राहिली. अक्षतांचा असा मारा झाला की पेटीच्या पट्ट्यांत तांदूळ अडकले. बायकांनी तर पोरांना घरी पिटाळून आहेर मागवला होता, मग त्यांची रांग रंगमंचावर! नवरी झालेल्या सानिकाच्या मांडीवर दोन स्टीलचे डबे, एक पातेलं आणि खण. मागून एक आजोबा ओरडले, "पंगत कुटं बसवून राहिले?" आणि हेडमास्तर? ते वधूपक्षासारखे दारात हात जोडून उभे, "जेवल्याशिवाय जाऊ नका!"

मी विंगेत हसत होते, पण जीव टांगणीला लागला होता. मघाशी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर विठ्ठलराव पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले होते. उषा बायकांच्या बाजूला, अगदी मागं, लेकरू मांडीवर. मधे सगळा मांडव. तिला पाहूनही ते उठून गेले नव्हते, आणि वळूनही पाहत नव्हते.

पाठवणी सुरू झाली. विंगेतून मला फक्त रंगमंच दिसत होता. राधानं घसा खाकरला, पद उचललं. "उंबरा ओलांड, बाई, मागे दार उघडे आहे..." पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याला ती थांबली.

काकांनी तीच ओळ पेटीवर पुन्हा वाजवली. पुन्हा वाजवली. राधा समोर बघत उभी. मी विंगेतून हातवारे करून थकले, "गा! गा!"

आणि तिनं टोपी काढली.

वेणी सरकन खाली आली. मी कपाळावर हात मारला, आता हशा येणार! राधानं ती टोपी दोन्ही हातांनी तोंडावर दाबली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मिशा लावलेला, वेणी सुटलेला साठीचा बाप, आणि मांडवात एकही माणूस हसला नाही. मग टोपी छातीशी धरून तिनं दुसरं कडवं गायलं. असं गायली, असं गायली, की पडदा ओढणारी पोरं पडदा ओढायचा विसरली!

पडदा पडताच मी धावले. आनंदानं तिला मिठी मारावी की रागवावं, काही कळेना. "अगं, बजावलं होतं ना? टोपी काहून काढलीस?"

ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, म्या समोर पाहून करून राहिले होते."

मी पडद्याच्या फटीतून मांडवात पाहिलं. विठ्ठलराव बायकांच्या बाजूला उघड्या डोक्यानं उभे होते, आणि टोपी उषाच्या लेकराच्या डोक्यावर होती.