पटावरचं दहावं नाव

निकीफोर पुन्हा शाळेत गेला तेव्हा त्याला चांगली दाढी आली होती. एकोणीस वर्षांचा बाप्या, दारातून वाकून आत येणारा, आणि बसला कुठे, तर माझ्या थोरल्याच्या मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. मी त्या शाळेत स्वयंपाक करते, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अजूनही कुणी त्याचं नाव काढलं की माझा हात आपोआप क्रूसाची खूण करायला कपाळाकडे जातो.

त्याला आजीनं वाढवलं. आजोबा गेले त्या हिवाळ्यात त्यानं दप्तर चुलीत घातलं, खरोखरच घातलं, आणि फेओफानकाकाच्या मासेमारीच्या बोटीवर चढला. "पुन्हा शाळेत पाय ठेवला तर पुढच्या जन्मी समुद्रसिंह होईन," म्हणाला. आजीनं वहाण फेकून मारली, पण ती चुकली आणि तो गेला.

तेलाचे भाव पडले तेव्हा आधी आम्ही खुळ्यासारखे खूश झालो. आमची घरं तेलावरच तापतात. पण बेटावर तेल येतं वर्षातून एकदा, मालवाहू बार्जवरून, आणि टाकीत होतं ते आदल्या वर्षीचं महागडं. रेडिओवर स्वस्ताई, टाकीत महागाई! फेओफान म्हणाला, "दम धरा, पुढच्या बार्जला मजा येईल." मजा आली, पण ती वेगळीच. इथे अलास्कात आम्ही सरकारला आयकर म्हणून दमडी देत नाही. शाळा, धक्के, बर्फ काढणारी यंत्रं, सगळं उत्तरेकडच्या तेलविहिरींच्या जिवावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि आता आयजीच कंगाल झाली. तेलाच्या पैशातून दरवर्षी माणशी मिळणारा वाटा त्या वर्षी निम्म्यावर आला. त्यातून घरासाठी घ्यायचा नवा स्टोव्ह राहिला तो राहिलाच.

मग दुष्काळात तेरावा महिना. विहिरींवर कामाला जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्याची नोकरी गेली, आणि तो दोन मुलं घेऊन शहरात निघून गेला. शाळेत उरली नऊ. दहापेक्षा कमी मुलं असली तर सरकार शाळेचा पैसा बंद करतं. नियम जुनाच, पण पूर्वी आम्हाला त्याची आठवण ठेवायची गरज पडली नव्हती.

माझी पारास्का तेव्हा चार वर्षांची. वर्षभर कळ काढली असती तर पटावरचं दहावं नाव तिचंच झालं असतं. पण आमच्या भागात बंद पडलेली शाळा पुन्हा उघडलेली कुणी पाहिलेली नाही. शाळा गेली की मुलंबाळंवाली घरं जातात, मागोमाग दुकान जातं, आणि गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि कावळे. माझ्या नवऱ्यानं शहरात खोली बघायला सुरुवातही केली होती. माझे आईबाप चर्चमागच्या टेकडीवर पुरलेले आहेत. खोलीचं नाव निघालं की मी भांडी आपटत होते.

ऑगस्टच्या शेवटी होलिस मास्तरांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. मी माशाचं सारण भरलेला पिरोक भाजला होता, कारण खायला नसेल तर आमच्याकडे सभेला कुत्रं येत नाही. मास्तर म्हणाले, "ऑक्टोबरात मोजणी आहे. वीस वर्षांखालचा, शाळा पुरी न केलेला कुणीही चालेल."

हॉलमधली सगळी डोकी मागे वळली. मागे निकीफोर दोन्ही गाल भरून उभा होता.

"माझ्याकडे काय बघताय? मी पिरोक खायला आलोय."

"खा बाबा, खा," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी भाजायला मी नसेन."

"टोमणे नको मारू, मावशी. कोडियाक बंदरातल्या कॉड माशांच्या बोटीवर मला जागा मिळालीय. दोन वर्षं वाट पाहिली त्या जागेची. सोमवारी निघायचंय."

"अरे जा ना! कुणी धरलंय तुला?" असं मी म्हणाले खरी, पण माझा आवाज फाटला. त्यानं ताटली ठेवली आणि तो निघून गेला.

सोमवारी सकाळी मी शाळेत दूध गरम करत होते. कॉड-बोट धक्क्यावरून भोंगा वाजवून निघून गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी निकीफोर.

"मावशी, विद्यार्थ्यांना नाश्ता फुकट असतो ना?"

मी त्याच्यापुढे तीन वाडगे भरून ठेवले. पोरांनी "समुद्रसिंह आला, समुद्रसिंह आला" करून वर्ग डोक्यावर घेतला. त्यानंही तसाच आवाज काढून दाखवला आणि मास्तरांची बोलणी खाल्ली.

ऑक्टोबरची मोजणी पार पडली. दहा. शाळा वाचली. नोव्हेंबरात फेओफान धापा टाकत आला. कॉड-बोटीवरच्या एकाचा हात मोडला होता, आणि कप्तान पुन्हा निकीफोरला बोलावत होता.

"मोजणी झाली, आता कसली शाळा? पिशवी भर!"

"मे महिन्यापर्यंत नाही येणार, काका."

"डोकं फिरलंय का? हातात आलेली लक्ष्मी लाथाडतोस?"

मीही म्हणाले, "जा रे. आमच्यासाठी खूप केलंस."

निकीफोर माझ्याकडे वळला. "मावशी, सरकारच्या तिजोरीत आधीच खडखडाट आहे. वर्षभराचा पैसा माझ्या नावावर घ्यायचा आणि मी दोन-अडीच महिने बसून पळायचं? पुढच्या वर्षी तुम्ही पारास्काचं नाव पाठवाल, तेव्हा वरचे म्हणतील, ही त्याच लबाड गावची माणसं. ती खरी असून खोटी ठरेल."

फेओफान त्याला नाही नाही ते बोलला. "स्वतःच्याच पोटावर पाय देणारा हा पहिलाच शहाणा," असं गावभर सांगत सुटला. निकीफोर खाली मान घालून अपूर्णांकांची गणितं करत बसला. ती त्याला काही केल्या जमत नव्हती, आणि माझा थोरला त्याला शिकवताना जरा जास्तच रुबाब दाखवायचा. हिवाळाभर तो शाळा सुटल्यावर लोकांची लाकडं फोडून आजीचं घर चालवत होता.

मे महिन्यात तो पास झाला. जेमतेम, पण पास. सालमन माशांच्या हंगामात पुन्हा काकाच्या बोटीवर गेला. कॉड-बोटीनं दुसरा माणूस कायमचा ठेवून घेतला होता.

शरदात पारास्काचा शाळेचा पहिला दिवस उजाडला, आणि या बयेनं पायरीवरच बसकण मारली. "मला नाही जायचं!" मी चुचकारलं, दटावलं, शेवटी हात धरून ओढलं. ती खांबाला मिठी मारून भोकाड पसरून रडत होती. नऊ मुलं खिडकीला नाक लावून बघत होती. सगळ्या गावाची शाळा त्या एका खांबाला अडकली होती.

निकीफोर किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत होता. आवाज ऐकून तो वर आला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. मला म्हणाला, "तू आत जा, मावशी." मी आत गेले, पण दाराआडच थांबले.

"काय झालं गं?"

"मला भीती वाटते."

"मलाही वाटली होती. गेल्या वर्षी, पहिल्या दिवशी."

"खोटं! तू मोठा आहेस."

"खरंच. माझी बोट निघून गेली ना, तेव्हा मी स्वयंपाकघरामागे जाऊन खूप रडलो. मग तोंड धुतलं आणि आत आलो. आईला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल."

पारास्कानं खांब सोडला. नाक पुसत उठली आणि एकटीच वर्गात गेली.

त्या दिवशी मी दूध गरम करत होते, आणि भिंतीपलीकडे हे पोरगं रडत होतं. मला पत्ताही नव्हता. मी बाहेर आले आणि पायरीवरच, सगळ्यांदेखत, त्याला मिठी मारली. वर्षभर जे जिभेवर येऊन परत जात होतं ते मोठ्यानं म्हणाले, "निकीफोर, तुझ्यामुळे मी माझ्या घरात राहतेय. देव तुझं भलं करो."

"मावशी, हळू बोल," तो दाढीत पुटपुटला. "पोरं बघताहेत."