जमिनीवरचा वायरमन

रोहिदास वायरमन रिटायर झाला आणि दीड महिन्यात पोलवर अडकला.

कशेळ्यापासून दोन किलोमीटर आत त्याचं गाव. त्या दिवशी भर दुपारी गावातली वीज गेली. नवा वायरमन विकास दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी फार्महाऊसवर गुंतलेला. लोकांना सवय ती सवय, चौघं जण रोहिदासच्या दारात उभे. "काका, तेवढं बघा ना." तेवढं बघा म्हटल्यावर घरात बसेल तो रोहिदास कसला! त्याने डीपीचा खटका ओढला, कमरेला पट्टा आवळला आणि चढला. एकोणतीस वर्षं चढत होता, पाय आपोआप जात होते. वर पोचल्यावर मात्र समोरचा डोंगर गरागरा फिरायला लागला. डोळे मिटले तर जास्तच. खांबाला मिठी मारून तो अर्धा तास तसाच लटकून राहिला आणि शेवटी विकासने येऊन त्याला एकेक पाऊल करत खाली उतरवलं. खाली अख्खा गाव जमला होता. जिजा, त्याची बायको, शेतातून धावत आली होती. ती एक शब्द बोलली नाही. पुढचे दोन दिवसही बोलली नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानामुळे तोल बिघडलाय. उंचावर चढायचं नाही. स्टुलावरसुद्धा नाही.

मुलगा संतोष शेलूला राहतो, नव्या बिल्डिंगमध्ये. तो त्याच रात्री आला. "बाबा, पुन्हा एकदा जरी चढलात ना, तर दोघांनी सरळ शेलूला यायचं. विषय संपला."

"मला चढू नको म्हणतोस आन् नेतोस तिसऱ्या मजल्यावर," रोहिदास म्हणाला. पण कुणी हसलं नाही. शेलूच्या घरात वाईट काहीच नव्हतं, सून तेजश्री जीव लावणारी होती, पण जिजाच्या दोन शेळ्या आणि वालाचं शेत काही लिफ्टमधून वर जाणार नव्हतं. या घराबाहेर जिजा जगली असती, पण ती जिजा राहिली नसती. रोहिदासला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने देवासमोर बसून तिला शब्द दिला, आता चढणार नाही.

शब्द देणं सोपं. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री नऊपर्यंत करणार काय?

तेजश्रीने यावर उपाय काढला. बाबांना छंद हवा! तिने फोनवर बघून यादीच केली आणि एकेक करून सासऱ्यांवर लागू करायला घेतली. आता माझं मत विचाराल तर छंद हा दुसऱ्याने निवडून द्यायचा प्रकारच नव्हे. दुसऱ्याची चप्पल घालून फार तर नळापर्यंत जाता येतं. पण रोहिदास सज्जन माणूस, तो हो म्हणाला.

पहिल्यांदा भजनी मंडळ झालं. त्याच्या हातात टाळ दिले. दोन अभंग नीट पार पडले. तिसऱ्याला त्याचं लक्ष देवळाच्या छताला लोंबणाऱ्या उघड्या वायरीकडे गेलं आणि टाळ थांबले ते थांबलेच. "आदी ती वायर काढा, मंग देवाला बोलवा," असं म्हणून तो स्टूल शोधायला उठला. बायकांच्या रांगेतून जिजाने नुसतं पाहिलं. तो बसला, पण पुन्हा गेला नाही.

मग बागकाम. तेजश्रीने शेलूच्या गॅलरीत दोन वर्षं जपलेला मोगरा गावच्या अंगणात आणून मोठ्या विश्वासाने त्याच्या ताब्यात दिला आणि ती बाजारात गेली. तासाभराने येऊन पाहते तर मोगऱ्याचा नुसता बुंधा उरलेला. कपडे वाळत घालायच्या तारेपासून चारी बाजूंनी दोन-दोन फूट जागा मोकळी केली होती. एकोणतीस वर्षं दर मे महिन्यात तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणाऱ्या माणसाच्या हातात कात्री दिली की आणखी काय होणार? बिचाऱ्याला आपण काय चुकलो हेच कळेना. "पावसात तारेला लागला असता गं," तो म्हणाला. तेजश्री बरी म्हणून हसली. मी असतो तर महिनाभर बोललो नसतो.

मोबाईलवरचा ल्युडो झाला, शब्दकोडं झालं. सगळ्याला तो महिनाभर इमानेइतबारे बसला आणि सगळ्यातून आंबट तोंड करून उठला. या सगळ्या दिवसांत जिजा त्याच्यावर नजर ठेवून असायची. तो अंगणातून बाहेर पडला की हातातलं काम सोडून ती दारात यायची आणि तो कुठल्या वाटेने गेला ते बघायची. दोघांनाही ते कळत होतं.

एप्रिल उजाडला आणि एक कावळा त्याच्या घरात शिरला.

कावळा म्हणजे वायरमनचा जन्माचा वैरी. पोलवर घरटं बांधायचं, त्यात तारेचे तुकडे खोवायचे आणि सगळ्या गावाची वीज घालवायची हा त्याचा धंदा. रोहिदासने अशी घरटी किती उतरवली असतील, गणती नाही. तर त्या कावळ्याने ओटीवर ठेवलेल्या रोहिदासच्या जुन्या पिशवीतून अॅल्युमिनियमच्या तारेचा तुकडा उचलला आणि उडाला. "आरं चोरा!" करत रोहिदास मागे धावला. शेताच्या बांधावरच्या आंब्यात, दोन माणसं उंचीवर कावळ्याचं घर चाललं होतं. रोहिदास संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. कावळा तार आणतो, वाकवतो, पसंत पडली नाही तर उपसून पुन्हा खोचतो. आयुष्यभर त्याने ही घरटी मोडली होती. बांधताना पाहायला कधी वेळच मिळाला नव्हता. घरी येऊन तो जिजाला म्हणाला, "अगं, गाठ मारतो तो! आपल्या हेल्परपेक्षा बरी मारतो."

सुट्टीला आलेल्या आरोहीने, त्याच्या नातीने, दुसऱ्या दिवशी साधाच प्रश्न विचारला. "आजोबा, आत काय आहे?"

वर चढल्याशिवाय आतलं कसं दिसणार? रोहिदासने रात्रभर विचार केला. सकाळी तो कशेळ्याला गेला आणि गॅरेजवाल्याकडून मोडक्या मोटरसायकलचा आरसा मागून आणला. लांब, सरळ बांबू तोडला, गाठी तासल्या आणि टोकाला आरसा तिरका करून तारेने असा पक्का बांधला की वादळातही हलला नसता. खाली उभं राहून बांबू उंच केला, जरा फिरवला, आणि आरशात दिसलं. काड्या, तारा, मध्ये मऊ काथ्या आणि त्यात चार हिरवट अंडी. आरोहीने टाळ्या वाजवल्या. रोहिदासचे डोळे भरून आले. पाय जमिनीवर होते आणि नजर वर पोचली होती.

त्या दिवसापासून माणूस बदलला. मला रोहिदासचं कौतुक वाटतं ते इथे. छंद मिळाला म्हणून तो वेगळा माणूस व्हायला गेला नाही. जो होता तोच राहून त्याने तो छंद केला. कामावरची जुनी वही काढली. झाडांना पोलसारखे नंबर दिले. आंबा क्रमांक चार, ऐन क्रमांक सात. पिल्लाला आई भरवायला लागली की नोंद करायची, "पुरवठा सुरू". आईबाप परत येत नाहीत असं दिसलं की, "पुरवठा खंडित". सकाळची फेरी, संध्याकाळची फेरी. आरसा वर धरायचा तो दहा आकडे मोजेपर्यंत, त्याच्यावर नाही, पाखरांना त्रास नको. विकास फांद्या छाटायला निघाला की आधी रोहिदासच्या ओटीवर येऊन वही बघायचा. "ऐनाला चार दिस हात लावू नको रं," एवढं सांगितलं की पुरे. पूर्वी लोक त्याला वीज कधी येणार म्हणून विचारायचे, आता पिल्लं कधी उडणार म्हणून विचारायला लागले. जिजाही दारात येईनाशी झाली. बांबू खांद्यावर दिसला की तिला कळायचं, हा जमिनीवर आहे.

मे अर्धा सरला तेव्हा आंबा क्रमांक चारमध्ये घोटाळा झाला.

सकाळच्या फेरीत रोहिदासने आरसा वर धरला. तीन पिल्लं चोची वासून होती. चौथं घरट्याच्या काठावरून उलटं लोंबत होतं. नायलॉनच्या दोरीत पाय अडकला होता. ते पंख फडफडवी, दमे, पुन्हा फडफडवी. रोहिदासने बांबूने दोरी ढकलून पाहिली, तर घरटंच हलायला लागलं. आईबाप डोक्यावर घिरट्या घालत कावकाव करत होते.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. दोन माणसं उंची, ती काय उंची झाली? चाळीस-चाळीस फूट चढलेला माणूस तो. आंब्याच्या बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर फांदी, पायाला छान गाठ. दोन मिनिटांचं काम होतं आणि कुणाला कळणारही नव्हतं. रोहिदासने बांबू खाली ठेवला, फांदीला हात घातला आणि उजवा पाय गाठीवर ठेवला.

तसाच उभा राहिला. मग पाय खाली घेतला, आणि त्याला जमेल तेवढ्या वेगाने चालू लागला.

पलीकडच्या वाडीवर आंबे उतरवायचं काम चाललं होतं. डोंगरातल्या ठाकरवाडीचा चांगो आणि त्याची बायको ठकी दरवर्षी त्या कामाला येतात. चांगो पन्नाशीचा, पण झाडावर असा जातो की जिना चढतोय. "कावल्याच्या पोराला उतरवाय मला बोलावतोस, वायरमनदादा?" तो पोट धरून हसला. पण आला. ठकीही करवंदांची पाटी घेऊन मागोमाग आली.

वाटेत ओटीवरून उचललेला आपला जुना पट्टा रोहिदासने त्याला बांधायला लावला. चांगोने जन्मात पट्टा बांधला नव्हता, पण समोरच्याचं तोंड बघून त्याने बांधून घेतला. तो वर गेला, कावळ्यांनी त्याच्या डोक्यावर हल्ला केला, आणि खाली रोहिदास मान वर करून उभा राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा तो झाडाखाली उभा होता आणि दुसरं कुणी वर होतं. फांदी करकरली की तो एक पाऊल पुढे सरकायचा. चांगोने एक हात सोडला तेव्हा रोहिदासचे तळहात घामाने भिजले. वर असताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. वर हाताला काम असतं. खाली उभ्या माणसाच्या हातात काहीच नसतं.

ठकी मात्र झाडाकडे पाठ करून निवांत करवंदं निवडत बसली होती.

"तू बगत नायस वर?" रोहिदासने विचारलं.

"बगून जीव जातो," ठकी म्हणाली. "तो वर बडबडत असतो ना, त्याकडं कान ठेवायचा. गप झाला का उठायचं."

आणि खरंच, वर चांगो कावळ्यांना शिव्या घालत होता, दोरीला नावं ठेवत होता, एक क्षण गप्प नव्हता. बायको ऐकते म्हणूनच तो बोलत असणार. दोरी तुटली, पिल्लू घरट्यात बसलं, चांगो खाली उतरला. कपाळावर एक चोच बसली होती, तेवढंच.

रोहिदास घरी निघाला आणि वाटेत एकाच गोष्टीपाशी अडकला. ठकीला चांगोची बडबड होती. जिजाला काय होतं? तो तर कोसभर लांबच्या पोलवर असायचा.

तिथे बांधावरच तो थांबला.

त्याच्या ओटीवर एक बल्ब होता. एकोणतीस वर्षं तो बल्ब दिवसाढवळ्या जळत असे. वायरमनच्या घरात दिवसा बल्ब! तो चिडायचा, बंद करायचा, आणि त्याची पाठ वळली की जिजा पुन्हा लावायची. "बिल काय तुझा बाप भरणार हाय?" असं तो किती वेळा बोलला होता. रिटायर झाला त्या संध्याकाळी तिने बल्ब काढून फळीवर ठेवला तो ठेवलाच. तेव्हा रोहिदास सगळ्यांना हसून सांगत सुटला होता, आमच्या हिला आता कुठे अक्कल आली.

घरी जिजा शेळ्यांना पाला टाकत होती. त्याने आधी कबुली दिली. "आंब्यावर एक पाय ठेवला हुता मी."

जिजाचा हात थांबला. "मंग?"

"खाली घेतला. चांगोला बोलावलं."

ती पुन्हा पाला टाकायला लागली. रोहिदास तिच्याशेजारी उकिडवा बसला. "तो ओटीवरचा बल्ब गं. दिवसाचा."

जिजाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुमी पोलवर चढायचं म्हनलं का आदी लाईन बंद करायचात. बल्ब इझला का समजायचं, वर गेलात. लागला का समजायचं, उतरलात. मंग चूल पेटवायची."

रोहिदासला लोडशेडिंगची वर्षं आठवली. तेव्हा दिवसाला आठ-आठ तास वीज नसायची. तो कशेळ्याच्या ऑफिसात पंख्याविना घाम पुसत चहा पीत बसलेला असायचा आणि इथे ही दारात बसून असायची, त्या बल्बकडे बघत.

"मंग लोडशेडिंगमदी?"

"तवा कसं कळनार कोन गेलंय, वीज का तुमी?" जिजा म्हणाली. "बसायची." मग पदराने हात पुसत तिने आणखी एक वाक्य सांगितलं. "रिटायर झालात म्हनून बल्ब काढून ठेवला. आन् त्या दिशी तुमी पोलवर लटकला हुतात, मला काय ठावंच नाय. मी वाल खुरपत हुते."

तिच्या दोन दिवसांच्या अबोल्याचा अर्थ रोहिदासला आत्ता कळला. तिला त्याचा राग आला नव्हता. तिला स्वतःचा राग आला होता. तो उठला, ओटीवर गेला, फळीवरून जुना बल्ब काढून होल्डरमध्ये बसवला. होल्डर हाताच्या उंचीवरच होता, स्टूल लागलं नाही. त्याने बटण दाबलं. भर उन्हात बल्ब लागला आणि त्याच्या खाली, पाय खाली सोडून, रोहिदास ओटीच्या कडेला बसला.

जिजा बाहेर आली. तिने बल्बकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बिल येल," ती म्हणाली.

"येऊ दे," रोहिदास म्हणाला.