बाबाजानच्या हातची नोट

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात बाबाजान दलालाने हातांवर रुमाल टाकला, की त्याखाली काय चाललंय ते तिघांनाच कळायचं. विकणारा, घेणारा आणि बाबाजान. भाव बोटं दाबून ठरायचा, तोंडाने आकडा काढायचा नाही. सौदा पटला की घेणाऱ्याने पैसे दलालाच्या हातात द्यायचे आणि दलालाने ते विकणाऱ्याला द्यायचे, अशी रीत. बाबाजानच्या हातून आलेली नोट कुणी उलटून पाहत नसे, पाहणं म्हणजे त्याचा अपमान. माझ्या मते रीत चांगलीच होती, पण तिनेच त्या माणसाचा घात केला.

बाहत्तरच्या दुष्काळात छबूबाईने आपला एकुलता बैल बाजारात आणला. नवरा वारलेला, कुणाचं देणं नाही, पण घरातला कडबा संपला होता. मुकं जनावर दावणीला उपाशी मरताना बघवेना, म्हणून विकायला काढला. परगावच्या एका व्यापाऱ्याने तो घेतला. त्याच्याकडून आलेल्या शंभराच्या दोन नोटा बाबाजानने छबूबाईच्या ओच्यात टाकल्या. बाईचे डोळे भरून आले तशी त्याने मान दुसरीकडे वळवली. असा होता तो, दलाल असूनही.

आमच्याकडे बैलाचा पैसा लगेच मोडत नाहीत. हळदकुंकू लावून पुढच्या बाजारापर्यंत देवापुढे ठेवतात, दारातून गेलेल्या जनावराचा तेवढाच मान. छबूबाईनेही ठेवला. मग त्यातली एक नोट देऊन तिने ज्वारी घेतली. दुकानदाराने ती नगरला बँकेत भरली, तर बँकेने खोटी म्हणून ठेवून घेतली आणि पोलिसांना कळवलं. तोवर बैल नेणारा व्यापारी कुठल्या कुठे गेला होता.

हवालदार छबूबाईच्या दारात आला. उरलेली नोटही त्याने तपासायला ताब्यात घेतली. नोट कुणी दिली असं विचारलं, तेव्हा तिने बाबाजानचं नाव सांगितलं. खोटं काय सांगणार बिचारी? बाबाजानला ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं. घराची झडती झाली. काही सापडलं नाही, तशी संध्याकाळी साहेबांनी त्याला सोडलं. तुझा यात काही दोष दिसत नाही, असंही ते म्हणाले.

तिथेच हे मिटायचं. पण दुकानदार छबूबाईच्या मागे लागला होता, आणि ज्वारी तर निम्मी खाऊन झालेली. हे बाबाजानच्या कानावर गेलं. त्याच्या बायकोने, जहिराने, घरात चार शेळ्या पोसल्या होत्या. त्या त्याने पडत्या भावात विकल्या आणि शंभर रुपये छबूबाईच्या हातावर ठेवले. जहिरा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

आणि मग आमच्या गावाला अक्कल सुचली. लोक म्हणू लागले, याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तर याने पैसे भरले कशाला? पारावर बसून तंबाखू मळणाऱ्यांना तेवढंच काम. मला अजूनही त्याची चीड येते. ठाण्याने निर्दोष ठरवलेला माणूस गावाने त्याच्या चांगुलपणावरून चोर ठरवला. पुढच्या बाजारी बाबाजान रुमाल खांद्यावर टाकून दुपारपर्यंत उभा राहिला. एकानेही हात पुढे केला नाही. त्याच्या पुढच्या बाजारी तो आलाच नाही. दुष्काळी कामावर, सडकेला खडी फोडायला जाऊ लागला.

छबूबाईही त्याच कामावर होती. लोक काय बोलतात ते ऐकून तिचा जीव तुटत होता. एके दिवशी भाकरीच्या सुट्टीत ती उठली आणि सगळ्यांदेखत त्याच्यासमोर जाऊन बसली.

"भाऊ, म्या पैसं मागितलं नव्हतं. तुमी दिलं आन् लोकास्नी तोंड मिळालं. कशापायी दिलं?"

बाबाजानने हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. आजूबाजूचे जेवायचे थांबले होते.

"बाई, त्या मानसाला तू वळखत न्हवतीस," तो म्हणाला. "तू नोट घेतलीस ती माझ्या हाताकडं बघून. मग भरायची कुनी?"

छबूबाईला रडू फुटलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि ते भाकरी खाऊ लागले.