डब्यातला कडू चहा

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात, हातानं कागद बनवणाऱ्यांच्या त्या वस्तीत, कमरुद्दीनएवढा हट्टी माणूस दुसरा नव्हता. डोळे मिटून नुसत्या बोटानं तो कागदाची सुलटी बाजू सांगायचा. गिरणीचा कागद आला आणि त्या बोटाला कोणी विचारीना, ते दुखणं वेगळंच. त्यात १९०४ साली धाकट्या भावानं, सलीमनं, घरात हा चहा आणला.

सलीम आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. चीनच्या कुठल्याशा बंदरातनं त्यानं पत्र्याचा लहानसा डबा आणला होता.

"दूध नको, गूळ नको. आधी धूर लागंल, मग कडू. आन मागनं घशात असा गोडवा येतो भाई, काय सांगू!"

कमरुद्दीननं घोट घेतला. धूर लागला, कडूही लागलं. गोडव्याचा पत्ता नव्हता.

"आला का?"

"न्हाई."

सलीम हसला. ते हसणं थोरल्याच्या मनाला लागलं. सुट्टी संपवून सलीम बोटीवर गेला, डबा घरी राहिला.

मग दर ईदला कमरुद्दीन चिमूटभर पत्ती काढी. कधी पाणी जास्त उकळी, कधी कमी. कुकडी नदीचं पाणी सोडून विहिरीचं आणवलं. एकदा जळक्या लाकडाची चव आली, एकदा ओल्या तागाची. एका ईदला मनुक्यासारखं काहीतरी जिभेला लागलं, पण दुसरा घोट घेईतो नाहीसं झालं. दर वेळी तोंड वाकडं करून तो गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि बायकोवर खेकसायचा.

"इख पिऊन वर मलाच बोलता," हाजराबी म्हणायची. "द्या फेकून."

"सलीमला कळतं नि मला कळत न्हाई व्हय?"

अशी आठ वर्षं गेली. घाटघरचा भिका हिरडा विकायला आला की कमरुद्दीनच्या ओट्यावर टेकायचा. त्या ईदला त्यालाही अर्धी वाटी मिळाली. भिकानं ती एका दमात रिकामी केली. कमरुद्दीननं सवयीनं गूळ पुढं केला.

"थांबा की राव. हिरडा चावल्यावानी हाय ह्ये, वर लगीच काय खायाचं न्हाई." भिकानं आवंढा गिळला. "हां. आला बघा गोड."

कमरुद्दीनचा चेहरा पडला. आठ वर्षं तो स्वतःच्या हातानं त्या चवीवर गूळ कोंबत आला होता! त्यानं डबा उपडा केला. तळाचा भुगा निघाला, त्याचा अर्धा घोट झाला. तो पिऊन तो डोळे मिटून बसला. घशाशी काहीतरी हललं, पुसट, आणि गेलं. तेच होतं की मनाचा खेळ, सांगता येईना.

पुढच्या साली सलीम इतक्या वर्षांनी घरी आला तो दुसराच चहा घेऊन. जुना दुकानदार बंदर सोडून गेला होता म्हणे. हाजराबीला हा नवा चहा फार आवडला. कमरुद्दीननं एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली आणि पहिल्याच वाटीत गोडवा सापडलेल्या भिकाशी वर्षभर धड बोलला नाही.