काथवटीतला दोर

बाळांनो, जुनी लहान आणि नवी मोठी, अशा दोन शिडाच्या बोटींचे फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, "आजी, कोणती घेऊ?" तेव्हा मी जवसाची चटणी करत होते. त्या वासाने मला थेट विष्णुपुरीच्या जलाशयावर नेलं.

माझे बाबा आपल्या शिडाच्या लाकडी होडीला जवसाचं तेल चोळत. दोन माणसं आणि एक ताडपत्री मावेल, एवढीच ती. माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालूच्या नवऱ्याने मुंबईहून फायबरची मोठी बोट आणली. तिच्यात झोपायची खोलीसुद्धा होती. आमची होडी पाहून तो हसला, "मामा, ही होडी हाय का पीठ मळायची काथवट?" बाबा तेल चोळत राहिले. मला तो माणूस तेव्हापासून नकोसा झाला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि त्याच्या बोटीच्या तळाचं, पाण्यात खोल जाणारं लोखंडी पातं गाळात रुतलं. आमच्या होडीला त्या जागी लाकडी फळी होती, ती वर ओढता येई, त्यामुळे बाबा आणि मी सहज त्यांच्या जवळून निघालो. रुतलेल्या बोटीतून शालू हात लांब करून ओरडली, "अक्का, दोर टाक गं!"

"टाक, पोरी," बाबा म्हणाले.

"काथवटीत दोर नसतो," मी म्हटलं, आणि पायाशी पडलेला दोर तिच्यादेखत नीट गुंडाळून ठेवला. दुपारभर ती दोघं उन्हात बसून राहिली.

तेव्हा मला फक्त त्याचा पडलेला चेहरा दिसला होता. आता शालूचा हात दिसतो. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

बोट लहानच घ्या, कमी पाण्यात चालते. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. शालूआजीचा नंबर मात्र तुमच्याकडे असेल, तर पाठवा.