पुलावर सासूबाईंच्या मागून

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे?"

"कुठेच नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसतं चालायचं. साखर आटोक्यात राहील."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, हा पोरगा एवढं शिकून शेवटी हे सांगतोय. आमच्या घरात कामाशिवाय कोणी चालत नाही. वाडीत पाणी सोडायला चालतात, वखारीत चिकू बघायला चालतात, कुणाशी भांडायचं असेल तर त्याच्या दारापर्यंतही चालत जातात. पण उगाच चालून उगाच परत येणं हे त्यांच्या मते पाय फुकट झिजवणं होतं. माझं माहेर तलासरीचं, वडील सरकारी नोकरीतले. आमच्याकडे जेवण झालं की शतपावली, रविवारी फेरफटका. त्यामुळे नुसतं चालण्याचा अनुभव असलेली घरातली एकमेव व्यक्ती म्हणून सासूबाईंबरोबर जायचं काम माझ्यावर आलं.

आमचं गाव खाडीच्या अलीकडे, डहाणूचा बाजार पलीकडे, आणि मध्ये पूल. पूल तसा अरुंदच. पण दोन्ही कडांना जराशा उंचावर पट्ट्या काढलेल्या होत्या, एक चालणाऱ्यांसाठी आणि दुसरी सायकलवाल्यांसाठी. चालणाऱ्यांची पट्टी इतकी निरुंद की समोरून कोणी आलं तर पोट आत घेऊन कठड्याला चिकटावं लागे. दोन बायका शेजारी शेजारी चालणं अशक्य. म्हणून पहिल्याच दिवशी सासूबाई पुढे आणि मी मागे अशी रांग लागली. त्यावर चर्चा झाली नाही, आमच्याकडे जेवणाच्या पंक्तीपासून देवदर्शनापर्यंत सगळं याच क्रमाने चालतं.

आणि तिथे मला सासूबाईंच्या पाठीचा शोध लागला.

घरात त्यांच्या तोंडाकडे बघून बोलणं म्हणजे तोंडी परीक्षाच. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांची डावी भुवई वर जायची आणि उरलेलं वाक्य मी गिळून टाकायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्या भुवईची भीती गेली नव्हती. पाठीला मात्र भुवया नव्हत्या. साडीखाली मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज घालून त्या पुढे खाडीकडे बघत चालायच्या, मी मागून बोलायचे, आणि कसं कोण जाणे, सगळं बोलता यायचं. त्यांच्या मुलाच्या घोरण्यावर बोलले. त्यांच्या नणंदेच्या खवचटपणावर बोलले. एकदा तर आमटीत चिंच जास्त होते असंही बोलून गेले, आणि पाठ नुसती "हं" म्हणाली.

पाठही बोलायची. "परवाचं वांगं बरं झालं होतं," असं एकदा पुढून ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं शेजारून जाणाऱ्या रिक्षात कोणीतरी बोललं. स्वयंपाकघरात या बाईने माझ्या कुठल्याही पदार्थाला "चालेल" याच्या वर गुण दिले नव्हते. आणखी एकदा त्यांनी सांगितलं की या घरात आल्यावर पहिलं वर्षभर त्या गोठ्यातल्या म्हशीला घाबरून रडायच्या. आम्ही दोघी असं बोलत पूल पार करायचो. पट्टी संपून वडापावच्या गाडीजवळ रस्ता रुंद झाला की त्या मागे वळायच्या, चेहरा परत यायचा आणि चेहरा म्हणायचा, "कुकरची शिटी काढून ठेवलीस का?"

अशात मला तलासरीच्या एका शाळेतून फोन आला. लग्नाआधी मी तिथेच शिकवत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जूनपासून जागा आहे, येणार असाल तर लवकर कळवा. मला ती नोकरी हवी होती. मुलगा पहिलीत गेला होता, हातात वेळ होता वगैरे कारणं मी नवऱ्याला सांगितली, पण खरं कारण निराळं होतं. फळ्यासमोर उभी राहिले की मी जी बाई व्हायचे, ती मला फार आवडायची. तिला भेटून बरीच वर्षं झाली होती.

नवरा म्हणाला, "मला काय प्रॉब्लेम? आईला विचार."

सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हिला विचार."

म्हणजे सगळे रस्ते त्या भुवईखालूनच जात होते. त्यात अडचणी दोन. मोसमात वखारीत चिकूची प्रतवारी आम्ही दोघी बघायचो, मी गेले तर त्या एकट्या पडणार. आणि दुसरं म्हणजे तलासरी. सून माहेरच्या वाटेला लागली की संसारावरचं लक्ष उडतं, असं सासूबाईंचं जुनं मत होतं, आणि ते त्या कुणाच्याही लग्नात कुणालाही ऐकवत. तेव्हा हा विषय चेहऱ्यासमोर काढण्यात अर्थ नव्हता. तो पाठीकडेच मांडायला हवा होता.

एका संध्याकाळी पुलाच्या मध्यावर मी धीर केला. "आई, तलासरीच्या शाळेतून मला..."

तेवढ्यात बाजूने एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"काय?" पाठ म्हणाली. "उद्या सांग. आज दम लागलाय."

आणि दुसऱ्या दिवशी पूल बंद.

पूल म्हणजे गाड्यांना नाही हं, फक्त आम्हाला. त्याच सकाळी पुलाची तपासणी करायला साहेब लोक आले होते. त्यातले एक साहेब फोनवर बोलता बोलता कठड्याला टेकले, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेला तो कठडा हातभर खाडीत गेला. साहेब वाचले, फोन गेला. दुपारपर्यंत दोन्ही पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकले गेले आणि फलक लागला, "पादचारी व सायकलस्वारांस पुलावरून जाण्यास सक्त मनाई." फलकाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक वॉचमन बसवला होता.

सासूबाई शूजची नाडी बांधून हजर. "का रे बाबा? आम्हाला का बंदी?"

"धोका आहे आजी. पूल कमजोर झालाय."

त्याच क्षणी चिकूचे क्रेट भरलेला दहा चाकी ट्रक पुलावर चढला. आमच्या पायाखालची जमीन थरथरली.

"हा चालतो?"

"तो गाडी आहे ना."

"म्हणजे मी भारी पडले?"

वॉचमनने हात जोडले. "आजी, कठडा गेलाय. तुम्ही खाली पडाल."

"मी काय साहेब आहे टेकायला? इतकी वर्षं चालतेय, कधी हात तरी लावला का कठड्याला?"

मला हसू येत होतं आणि रडूही. माझी जून महिन्यापासूनची नोकरी त्या पत्र्यापलीकडे होती.

गावाने मार्ग काढला. आता पूल पायी ओलांडता येत नव्हता, पण बसून ओलांडता येत होता. मग एक रिक्षावाला दिवसभर नुसता पुलाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊ लागला. मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं, भजनी मंडळ, सगळे दाटीवाटीने कोंबून त्या पुलावरून जायचे आणि पलीकडे उतरून चालू लागायचे. एक काका तर स्वतः आत बसून सायकल रिक्षाच्या टपावर बांधत. धोका टाळण्याचा असा धोकादायक प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

मी मात्र नवीन पाठ शोधत होते.

आधी वाडीत चालून पाहिलं. चिकूच्या झाडांमध्ये जागा ऐसपैस, आणि तिथेच घात झाला. "मागे मागे काय येतेस? बाजूने चाल," सासूबाई म्हणाल्या. बाजूने चाललं की दर वाक्याला त्या मान वळवून बघणार. मी "आई, मी काय म्हणते" एवढं म्हणेपर्यंत त्यांना ठिबकची फुटलेली नळी दिसे, नाहीतर गवत दिसे, नाहीतर झाडाखाली बसलेला गडी दिसे. चालणं राहिलं बाजूला, रोज संध्याकाळी वाडीची तपासणी होऊ लागली आणि गडी माझ्यावर नाराज झाले.

मग समुद्रकिनारी गेलो. तिथे दर दहा पावलांवर ओळखीचं माणूस. शेजारच्या गुजराती काकी तर वाटच बघत असायच्या. "केम छो बेन? वजन उतर्युं के नई?" यावर सासूबाई अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या गुजरातीत अख्ख्या गावाची वजनं सांगायच्या. मी बाजूला वाळूत उभी.

गच्चीवर गोल फेऱ्या मारून पाहिल्या. पण गच्ची एवढीशी. मागचा माणूस बघता बघता पुढच्याच्या समोर येतो.

शेवटी अक्कल गहाण ठेवून मी फोन लावला. त्या ओटीवर, मी खोलीत दार लोटून. चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. त्यांनी फोन उचलला, "हॅलो, कोण?" मी म्हटलं, "आई, मीच." त्या म्हणाल्या, "कुठे आहेस?" मी म्हटलं, "घरातच." फोन कानाला लावूनच त्या उठल्या आणि आवाजाच्या रोखाने दार उघडून समोर उभ्या राहिल्या. "काय झालं? पडलीस की काय?"

"नाही," मी म्हटलं, "रेंज बघत होते."

भुवई वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

मुख्याध्यापिकांचा पुन्हा फोन आला. आता त्या जरा तुटकपणे बोलल्या, दुसऱ्या एक बाई विचारून गेल्या होत्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला म्हटलं, तूच सांग ना एकदाचं. तो म्हणाला, मी सांगितलं तर ती म्हणेल बायकोने पढवलं. यात चूक काहीच नव्हतं, म्हणून आणखी राग आला.

इकडे चालणं बंद पडल्यामुळे सासूबाईंची साखर वाढली असणार, या काळजीने रक्त तपासायला पलीकडे जायचं ठरलं. पुलावरची रिक्षा गच्च भरलेली, घरची गाडी सासरे घेऊन घोलवडला गेलेले. राहिली माझी स्कूटर. नऊ वर्षांत सासूबाई तिच्यावर कधी बसल्या नव्हत्या. त्या बाजूने बसल्या, एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्याने देवाचं नाव धरलं. "हळू घे. हॉर्न वाजव. ब्रेक आहे ना?"

वॉचमनने आम्हाला हात केला. "जा आजी, आता चालेल."

पुलाच्या बरोबर मध्यावर समोरून एसटी आणि इकडून टेम्पो असे अडकले, की कुणीच मागे जाईना. आमची स्कूटर टेम्पोच्या मागे. मी पाय टेकून इंजिन बंद केलं. खाली भरतीचं पाणी चढत होतं. त्या माझ्या मागे होत्या, चेहरा दिसत नव्हता. मग माझी नजर आरशात गेली, तर तिथे डावी भुवई जशीच्या तशी. मी हळूच हात लावून आरसा बाहेर वळवला.

"आरसा कशाला फिरवलास?"

"ऊन येत होतं डोळ्यांवर."

"ढग आहेत." मग त्या म्हणाल्या, "बरं केलंस. तिकडचापण फिरव."

मी दुसरा आरसाही फिरवला.

"हां. आता तलासरीचं काय ते बोल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुलगा माझाच आहे ना? त्याच्या पोटात काय राहतंय? ज्या दिवशी तू त्याला सांगितलंस, त्याच दिवशी मला कळलं."

म्हणजे ट्रक गेला त्या संध्याकाळीही त्यांना ठाऊक होतं. आणि वाडीतल्या नळ्या, किनाऱ्यावरच्या काकी, सगळं डोळ्यांपुढे आलं. "मग तुम्हीच का नाही काढलात विषय? मी इथे जिवाचं रान करतेय."

"अगं, घरात तुझं तोंड समोर आलं की मला सासूसारखं बोलावं लागतं. मी नाही म्हटलं असतं. आणि एकदा नाही म्हटलं की मला ते परत घेता येत नाही, तुला काय माहीत नाही? म्हणून तुला बोलूच देत नव्हते. त्या दिवशी पुलावर खरंच दम लागला होता. मग म्हटलं पूल उघडू दे."

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. कोणीतरी एसटीच्या ड्रायव्हरला शिव्या देत होतं.

"जा शाळेत," त्या म्हणाल्या. "उद्याच कळव. सकाळचं जेवण करून जायचं, मी तुझ्यासाठी डबे भरत बसणार नाही. आणि शनिवारी माहेरी राहिलीस तर रविवारी सकाळी इथे पाहिजेस."

"आणि वखार?"

"वखार काय तू आल्यावर सुरू झाली?"

मला रडू फुटत होतं. ते लपवायला काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही कधी असं बोलला होतात? तुमच्या सासूबाईंशी?"

मागे पुन्हा हॉर्न वाजला. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"लग्न झालं तेव्हा नर्सिंगला नंबर लागला होता माझा," त्या म्हणाल्या. "रोज ठरवायचे, आज सांगते, आज सांगते. पण तेव्हा पूल कुठे होता? होडीने जायचो बाजाराला. होडीत सगळे समोरासमोर बसायचे."

समोरची एसटी हलली. टेम्पोनेही धूर सोडला. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात तसाच होता, पण आता पडायच्या भीतीने धरलेला नव्हता. मला मागे वळून त्यांच्याकडे बघायचं होतं, फार बघायचं होतं. मी वळले नाही. वळले असते तर त्यांना पुन्हा सासू व्हावं लागलं असतं.