तेराव्याच्या वड्यांचं तेल

मंडळी, आज बाबांचं तेरावं झालं. मी इथे फारसं लिहीत नाही, पण दुपारपासून डोकं तापलंय.

दहिवलीत आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचं सांडपाण्याचं पंपघर आहे. घराघरांतून आलेलं तेल तिथल्या टाकीत थिजतं, त्याचे गोळे पंपात अडकतात, पंप बंद पडतो आणि सगळ्या गल्लीत घाण वास सुटतो. आजही पाहुणे नाकाला रुमाल लावून बसले होते.

जेवणं उरकल्यावर पोशीरच्या काकांनी वडे तळलेली कढई उचलली आणि थेट गटाराकडे निघाले. मी पुढे जाऊन झाकणावर उभा राहिलो.

"बाजूला हो रं. तेराव्याचं तेल घरात ठेवत नाय."

"मग गटारात ठेवतात?"

"आज तरी भांडू नको. एका कढईनं काय होतंय? सगळीच ओततात."

"सगळेच ओततात म्हणून शेवटचा महिनाभर बाबांची खिडकी बंद ठेवावी लागली, काका. ते रोज उघडा म्हणायचे."

काकांनी कढई खाली ठेवली.

तेल डब्यात भरलं. आता तो डबा ना घरात कोणी घेतंय, ना शेजारी हात लावतायत. माझ्या स्कूटरवर पडून आहे.

तुमच्याकडे या तेलाचं काय करतात? 'एवढ्याशानं काय होतंय' एवढं सोडून काहीही सांगा.